थांब

कोरड्या हौदात सापडलं ते,
जिथे एके काळी बड्या साहेबांचे गुडघे
औषधी पाण्यात बरे होत.
बाचुकाने स्वेटरात गुंडाळून आणलं. म्हणाला,
"त्सियाला आजी, कानाला बिल्ला नाही,
म्हणजे नगरपालिकेचंही नाही."
या सॅनेटोरियमात कुणाचं काय आहे?
आम्हीही दोन महिन्यांसाठीच आलो होतो.

नाव लोबिओ. राजम्याच्या दाण्याचा रंग म्हणून.

'बस' तीन दिवसांत आलं:
चीजचा तुकडा नाकावरून मागे न्यायचा,
मान वर गेली की बूड आपोआप खाली.
'ये' शिकवावंच लागलं नाही.
शी-शू अंगणात करायला मात्र महिना गेला.
संगमरवरी जिन्याने सोसलं,
तसं त्याने बरंच सोसलंय.

मग 'थांब'.
पंजा पुढे, एक पाऊल मागे.
ते बसून राहिलं.
दुसरं पाऊल.
शेपटी फरशी झाडत होती, डोळे माझ्यावर.
तिसऱ्या पावलाला
ओचामचिरेचं आमचं फाटक दिसलं,
फाटकाशी म्हातारा मुरा,
मागे ट्रकचं इंजिन चालू,
आणि मी म्हणतेय, "थांब हं. आलेच."

फार शहाणा कुत्रा होता.
सांगितलेलं ऐकायचा.

"आजी, अजून एक पाऊल!" बाचुका ओरडला.
मी खाली बसले, होतं नव्हतं ते चीज देऊन टाकलं.

लोबिओ आता पंजा देतं,
रस्त्याच्या कडेला सांगितल्यावर बसतं.
थांबत नाही.
बेकरीत, दवाखान्यात, कबरस्तानात
पायात पायात येतं.
शेजारीण म्हणते, शिस्त नाही लावलीस.

नाही लावली.