निःशेष

नंदुरबारच्या मिरची बाजाराबाहेर, वजनकाट्यावर
सुपडूभाऊ रात्रपाळीला असायचा. मी पावत्या फाडायचो.
शिंका थांबल्या की तो रद्द पावतीच्या पाठीवर
बारीक अक्षरात आकडे मांडत बसायचा.

भरली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी.
मग बारदान, मग ओल, मग व्यापाऱ्याची कटती.
"एक बी हिसाब असा नही," तो म्हणायचा,
"ज्यामा काई उरनं नही."

म्हणून त्यानं असा आकडा शोधायला घेतला:
एक ते नऊ, प्रत्येक अंक एकदाच.
पहिल्या दोन अंकांना दोनाने भाग जावा,
पहिल्या तिनांना तिनाने, चारांना चाराने,
असं थेट नवापर्यंत,
आणि मागे काही म्हणजे काही राहू नये.

पाचव्या जागी पाचच, हे त्याला पहिल्याच रात्री कळलं.
सम अंक सम जागी, हे दुसऱ्या.
मग अख्खा उन्हाळा गेला.
पथारीवरची मिरची सुकली, खुडली, पोत्यात दाबली गेली,
आणि एका पावतीवर दहा आकडे उरले.
फक्त साताची परीक्षा बाकी.

त्यात एक होता
नऊ आठ सात सहा पाच चार तीन दोन एक.
मी म्हटलं, भाऊ, हाच! काय उतरंड आहे!
त्यानं सातव्या अंकापाशी पेन्सिल टेकवली.
"कितलं उरनं?"
"पाच."
उतरंड गेली.
मग एक चार सातवाला. सहा उरले.
मग सात चार एकवाला. दोन.
बाहेर ट्रकवाले हॉर्न देत होते.

राहिला तो
अडतीस कोटी सोळा लाख
चौपन्न हजार सातशे एकोणतीस.
ना देखणा, ना तोंडात बसणारा.
बाजारात धक्का लागला तरी कुणी वळून बघणार नाही असा.
त्यानं तो तीनदा भागून पाहिला
आणि ट्रक आत घेतला.

आधीची तीन लेकरं जगली नाहीत,
म्हणून आईनं ह्याला सुपात घालून पाखडल्यासारखं केलं
आणि नावच तसं ठेवलं.
हे मला फार नंतर, त्याच्या मेव्हण्याकडून कळलं.

शहाद्याचे एक मास्तर म्हणाले, हा आकडा पुस्तकात आहे,
जगात कधीचा माहीत आहे.
मला वाटलं, आता भाऊ खचणार.
तो म्हणाला, "मंग मी चुकनू नही."
मास्तर म्हणाले, पुढे शून्य ठेवा, दहानेही भाग जातो.
"ते फुकटनं," भाऊ म्हणाला.

त्या पहाटे शेवटची गाडी उतरली.
काट्याच्या डब्यात लाल शून्य पेटलं.
खाली पत्र्यावर बोटभर मिरचीची धूळ होती,
तो केरसुणी घेऊन ती झाडायला गेला.