निव्वळ

शहाद्यात डोंगर नाही.
म्हणून पाण्याच्या टाकीच्या एकशे बारा पायऱ्या
मे महिन्यापासून चढले, उतरले.
वॉचमन नथ्थूदादा खाली बिडी ओढत मोजायचा,
चुकला की पुन्हा पहिल्यापासून.
"तुले काय गरज शे व माय," म्हणायचा,
"चोर मांगे लागना का?"

हंगामात मी कारखान्याच्या काट्यावर असते.
उसाची गाडी भरून येते, आकडा लिहायचा.
रिकामी होऊन जाते, आकडा लिहायचा.
मधला फरक तो ऊस.
बावीस वर्षं हीच वजाबाकी.
हंगाम संपला की काट्यावर कुत्री झोपतात,
त्यांचंही वजन उमटतं लाल दिव्यांत,
दोघांचं मिळून तीस किलो.

रविवारी सारंगखेड्याचा पूल.
तापीवरचा वारा तिथं माणसाला आडवा ढकलतो.
दोन फेऱ्या, चार, सहा.
एका ट्रकवाल्यानं गाडी हळू करून विचारलं, सोडू का कुठं?
म्हटलं, नको, इथंच परत यायचंय.

पिशवी:
चतकोर कळण्याची भाकरी, ठेचा, मीठ-साखरेच्या पुड्या, शिट्टी.
टाचांना एरंडेल.
हेतलनं रेनकोटच्या काखेत भोकं पाडून दिली,
घाम बाहेर जायला.
पाऊस आत यायला, हे तिला सुचलं नाही.
मलाही.

तोरणमाळ, सप्टेंबर, पहाटेचे पाच.
शिट्टी ऐकू आली,
वाजवणारा धुक्यात दिसला नाही.
बेचाळीस किलोमीटर. छातीवर एकसष्ट.

पहिला चढ चालतच. लाज कसली.
सीताखाईच्या कडेला पाऊस वरून नव्हता,
दरीतून उलटा वर येत होता, नाकात जात होता.
रेनकोट फुगला आणि मी
दोन्ही हातांनी स्वतःलाच धरून चालले.
बुटांना तांबडा चिखल,
चिखलाला आणखी चिखल.
भरलेली गाडी, मी मनात लिहिलं.

एकोणीस किलोमीटरनंतर लाल फिती संपल्या.
अर्धा तास एकही नाही.
मग इरल्याखाली एक बाई, सात-आठ शेळ्या,
आणि एका शेळीच्या तोंडात
लोंबणारी लाल फीत.
बाईनं हसू दाबलं,
हनुवटीनं वाट दाखवली.

ओढ्याला दोर बांधलेला, माणूस मात्र कोणी नाही.
दगडावर बसून अर्धी भाकरी खाल्ली,
समोरच्या खडकावरची पांढरी रेघ
बुडते का बघत.
नाही बुडली.
मग उतरले.
पाणी मांडीला लागलं तेव्हा मोठ्यानं पाढे म्हणत होते
आणि एकोणतीस सत्तेला अडखळले,
शाळेत अडखळायची तिथंच.

तीन चाळीसला पोचले.
कमान नव्हती.
टेम्पोत खुर्च्या चढत होत्या.
विश्रामसर वही प्लास्टिकमध्ये गुंडाळून
एकटेच झाडाखाली.
"ताई, शर्यत सव्वादहालाच रद्द केली.
सगळ्यांना खाली आणलं.
तुम्हाला शोधायला दोन पोरं वर गेलीत."

एवढ्या वाटेत काही दुखलं नव्हतं
ते सगळं तेव्हा दुखलं.
कोणी चहा दिला, कपात पाऊस पडत राहिला.
मी रस्त्याकडं तोंड करून बसले.
शिट्टी वाजवली. थांबून पुन्हा वाजवली.
धुकं एका बैलगाडीचं माणूस करायचं,
एका झुडपाचं दोन.

पाच दहाला ते आले,
ओठ निळे, गुडघ्यापर्यंत तांबडे.
मोठा म्हणाला, "एकसष्ट?"
मी मान हलवली.
"मग बरं," म्हणाला, आणि बूट काढून
त्यातलं पाणी ओतलं.
उरलेली भाकरी त्यांनी
ठेच्यासकट दोन घासांत संपवली.
धाकटा तिखटानं रडला, हसला.

सर विचारत होते, काय लिहू?
रद्द लिहू की वेळ लिहू?
वही मीच घेतली. सवयीचा हात.
एकसष्ट, तीन चाळीस.
त्याखाली नंबर नव्हते म्हणून नावं,
रायसिंग, दमन्या, पाच दहा.

मधला फरक दीड तास.
तो रकाना कोराच ठेवला.