पाचव्या सायक्लोनचा गळा

रात्रपाळीत दाबाचा काटा थरथरला
की ओळखायचं, गळा धरलाय.
मग मी आणि मुबारक होडेकर,
चंदेरी कोट, आठ मीटरची सळई, हवेचा पाइप.
झाकण उघडायच्या आधी तो काहीतरी पुटपुटतो.
मी पायऱ्या मोजून ठेवतो, पळायच्या.

आत लाल भिंतीवर थरावर थर.
आई वाघोटनच्या खाडीत कालवं फोडायची
कोयतीच्या टोकानं, कातळाला कान लावल्यागत वाकून,
तसंच हे.
फक्त आत जीव नाही,
आणि ओहोटीची वेळ ठरलेली नाही.

ट्रक येतात शहरांचा चिंधलेला कचरा घेऊन:
चपला, रेक्झिन, वायरींची सालं,
कुठल्याशा बंदरावरची कुजकी जाळी.
सगळं जळतं.
मीठ तेवढं जळत नाही, लॅबमधल्या तोडणकरबाई म्हणाल्या,
वाफ होऊन वर जातं,
जरा थंड जागा मिळाली की पिठाला धरून बसतं,
सुटलं तर भट्टीत, भट्टीतून पुन्हा वर.
बाहेरची वाटच नाही त्याला.

‘खाल्ल्या मिठाला जागतंय म्हणायचं,’ मुबारक म्हणाला.
कोणी हसलं नाही.
शिमग्याच्या आधी ढेप सुटून गरम पीठ उसळलं,
तेव्हापासून उल्हास कोयंडेच्या शर्टाची बटणं
त्याची बायको लावते.

परवा एक ढेकूळ निवल्यावर घरी आणलं,
खिडकीत ठेवलं.
खाडीवरून वारा होता रात्रभर.
सकाळी त्याच्याखाली फळी ओली.

आईनं ते उचललं, नखानं खरवडलं,
‘ह्यां खंयच्या कातळावरचां?’