सोनेतारण

शरणपूर रोडला आमच्या पतसंस्थेच्या पाटीवर
पिवळ्या अक्षरांत लिहिलंय, तारण, सात मिनिटांत.
रविवारी पाळक हाच शब्द उच्चारतात
तेव्हा सगळी मंडळी मान खाली घालते.
सोमवारी मी तो काट्यावर ठेवते,
मिलिग्रॅमपर्यंत.

बाबांना जाऊन आज एकोणीस दिवस.
भिकाजी रखमाजी पगारे. बाप्तिस्मा नाही.
आईशी लग्न करताना एवढंच कबूल केलं होतं
की रविवारी तिला चर्चला सोडीन.
सोडलं. एकतीस वर्षं.
आधी सायकल, मग लुना, शेवटी माझी स्कूटी.
ती आत, आणि हे चिंचेखाली, पायरीपाशी.
कुणाची चेन उतरली तर बसवून द्यायचे,
मग म्हणायचे, हात काळे झाले, आता कसा येऊ आत?

हात धुवायला नळ होता तिथे. मी पाहिलाय.

त्यांचा आजा काळारामाच्या दाराशी उभा राहिला होता,
आत घ्या म्हणत, उन्हात, लाठ्यांत.
बाबा हसून सांगायचे,
आत कुणी घेईना म्हणून आजा दाराशी,
आत ये म्हणतात म्हणून मी दाराशी.
आमच्याकडे दाराशीच बरं चालतं.

अमरधामला त्रिशरण झालं.
आई ओठ न हलवता उभी होती,
पदराखाली मुठीत क्रूस.

काल पाळक दुशिंग घरी आले.
चांगला माणूस. बाबांनी दोनदा पंक्चर काढून दिलेलं त्यांचं.
आईने चहा ठेवला आणि विचारलं,
ते कुठे आहेत?
त्यांनी शास्त्र उघडलं. पान आपोआप निघालं.
बोट त्या ओळीवर टेकलं, आम्हा सगळ्यांना पाठ असलेल्या,
पण वाचलं नाही.
खोटं बोलले असते तर चहा तरी गोड लागला असता.

म्हणाले, वाट एकच आहे, सलोमीबाई.
मला दुसरी माहीत नाही.
पण तिच्यावर कोण कोण चालतंय
ते मोजायला मला बसवलेलं नाही.

आईला हे पुरलं नाही.
मी आत गेले आणि ते बाहेरच असले, तर?
दुशिंग गप्प.
उपासना संपल्यावर बाहेर तर यावंच लागतं ना सगळ्यांना?
ते हळूच म्हणाले,
तिथली उपासना संपत नाही, बाई.

आई बराच वेळ बशीकडे बघत राहिली.
मग म्हणाली, कंटाळतील ते.

मी विश्वास सोडलेला नाही.
रात्री प्रार्थना करते, त्याच एका नावाने,
दुसरं येतच नाही जिभेवर.
फक्त आमेन म्हणताना
दाराकडे कान जातो.

आज दुपारी गर्दी नव्हती.
तळघरातून जुनं रजिस्टर काढलं,
माझ्या टायफॉइडच्या वर्षाचं.
वाळवीने कडा खाल्ल्यात, मधलं शाबूत.
एक क्रूस, सोन्याचा, साखळीसह, तीन ग्रॅम ऐंशी.
ठेवणार, सलोमी भिकाजी.
मुदतीच्या शेवटच्या दिवशी सोडवला.
पावती हजर नाही.
ठेवणारीची सही नाही.
त्या जागी बाबांचं नाव, मोडकं, शाई फुटलेली,
आणि कागदावर अंगठ्याएवढा काळा डाग.
ग्रीस असावं.

नियमाने सोडायला नको होता.
आज माझ्या खिडकीशी कुणी असं आलं असतं
तर परत पाठवलं असतं मी.

शेऱ्याच्या रकान्यात कुणा जुन्या कारकुनाने
तिरक्या अक्षरात लिहिलंय,
ओळखीचा इसम. दिले.

काचेवर कुणीतरी नाणं वाजवलं.
मी रजिस्टर उघडंच ठेवलं
आणि विचारलं, काय आणलंय?