कलम सात

सभागृहात खुर्च्या साठ, माणसं एकशेदहा.
उरलेली भिंतीला टेकून, धुळकट बुटांची,
आणि कोपऱ्यात मी, इतिवृत्त लिहिणारी.
डाव्या हाताशी दिव्यांची पेटी:
हिरवा, पिवळा, लाल.
प्रत्येकाला तीन मिनिटं.

कलम सात: सॉल्टर क्रीक शहराच्या हद्दीत
नव्या घरबांधणीला सहा महिन्यांची
तात्पुरती स्थगिती द्यावी काय.
त्या 'काय'पाशी सगळे अडलेत.

पाणीखात्याचा कॅल्विन ऑस्टबी आधी उठतो.
त्याच्याकडे एकच आलेख, खाली उतरणारा,
आणि तो दाखवताना आवाजही खाली आणतो,
घरात कुणी आजारी असावं तसा.
आठ विहिरी. त्यातल्या दोन आता वाळू ओढतात.

मग लेम्युएल टॅकेट, सुतार. टोपी हातात.
"मी घरांचे सांगाडे उभे करतो.
तुमचे सहा महिने कागदावरचे.
माझ्याकडे ते ट्रकचे सहा हप्ते आहेत."
पिवळा लागायच्या आतच तो बसला.
उरलेलं दीड मिनिट
कुणाचंच नव्हतं.

इडेल इरिगोयेन, वय एक्क्याऐंशी.
आजोबा बास्क मुलखातून आले, इथे मेंढ्या राखल्या.
तिच्या विहिरीला पाणी एकशेऐंशी फुटांवर असायचं,
गेल्या ऑगस्टात तीनशेचाळीस.
तिने गढूळ पाण्याची बाटली टेबलावर ठेवली.
प्या, म्हणाली नाही. नुसती ठेवली.
महापौरांनी आपला ग्लास जरासा मागे घेतला.
(हे इतिवृत्तात येत नाही.)

मागून कुणी ओरडलं, बाई, तुम्हीच ना
कांद्याचा मळा विकलात? तिथेच तर
चारशे घरं येतायत!
ती सावकाश वळली, काठीसकट.
"विकला. पाणी गेल्यावर विकला.
तुम्ही काय पेरलं असतंत?"

शेवटी रोसाउरा बेनाविदेस,
शाळेच्या स्वयंपाकघरातून थेट आलेली, केसांना अजून जाळी.
चौघं, मोटेलची एक खोली, अकरा महिने.
"पाणी कमी आहे, मला कळतं.
भात शिजवते, माप कळतं मला.
पण दार लावा म्हणणारे
सगळे आतच कसे असतात?"
तिची तीन मिनिटं संपली होती.
लाल दिवा मी लावायला हवा होता.
मी खाली पडलेलं पेन शोधत राहिले,
जे पडलंच नव्हतं.

कारण मागच्या आठवड्यात, जुन्या ठरावांच्या खोक्यात,
मला चौऱ्याहत्तर सालचं एक पान सापडलं.
हेच सभागृह. कुणा टंकलेखिकेची फिकट शाई:
'जुनिपर लेनवर घरं नकोत. गाव भरलं.'
खाली एकोणतीस सह्या.
जुनिपर लेन, नऊ नंबर. तिथे मी राहते.
माझ्या न्हाणीघरात नळ ठिबकतो,
दुरुस्त करीन म्हणते, दोन वर्षं झाली.

रात्री पावणेअकराला मतदान.
तीन विरुद्ध तीन, एक सदस्य आजारी.
विषय पुढल्या सभेवर.
म्हणजे थांबायचं की नाही
हे ठरवणंच थांबलं.
टॅकेटने इरिगोयेनबाईंना पायऱ्या उतरायला हात दिला.
बोलले नाहीत.

बाटली राहिली. मी चिठ्ठी चिकटवली: पुरावा क्रमांक तीन.
एव्हाना गाळ तळाशी बसला होता
आणि वरचं चार बोटं पाणी
अगदी निवळ, कुणी मागितलं तर द्यावं असं.

घरी जाताना मळ्याजवळ गाडी हळू केली.
मोजणीच्या खुंट्या, गुलाबी फिती,
आणि उजेडात एक टिटवी,
पंख मोडल्याचं सोंग करत, लंगडत,
मला अंड्यांपासून दूर नेणारी.
समुद्र आटवायला निघाली ती टिटवी वेगळी.
हिच्या वाट्याला आटलेलंच आलंय.

मी दिवे मालवले.
अंधारात ती कुठल्या खुंटीपाशी परतली
ते पाहिलं नाही.