अंगठा

हाकोदाते. नोव्हेंबर. मासळीबाजाराच्या मागची खोली,
रॉकेलचा हीटर, सहा चटया, आज माणूस एकच.
तोमिएबाई पश्चिमोत्तानासनात वाकतात,
म्हणजे वाकू पाहतात. बोटं नडगीपाशीच अडतात.

इवाओ आंधळा. चटईची कड चाचपत येतो,
त्यांच्या तळपायाच्या खळग्यात अंगठा रोवतो.
"इथं झरा उसळतो, असं जुने लोक सांगायचे.
श्वास सोडा. झऱ्याला कुठं घाई असते?"

मग पोटरी, कोपर, मनगट.
न पाहिलेल्या गावातले सगळे रस्ते
पाठ आहेत त्याला.

"फुफ्फुसाची वाट अंगठ्याशी संपते.
फार गच्च झालीय. काही दुःख वगैरे?"

"दुःख कसलं मेलं!
बेचाळीस वर्षं माकूल सोलले या अंगठ्यानं.
नवऱ्याचा ट्रॉलर बुडाला त्या दिवशीसुद्धा
तीन टोपल्या."

तो काही बोलला नाही, दाबत राहिला.
बाहेर समुद्रपक्षी
कुठल्याशा मुंडक्यावरून भांडत होते.

उठताना तिनं त्याचाच हात धरला:
पेर मागं कललेलं,
मुळाशी बोराएवढी गाठ.
"आणि याला कोण दाबतं?"

इवाओला उत्तर सुचेना.
"बस. पाय पसर. वाक."

कितीही धुतले तरी खारे राहिलेले ते हात
त्याच्या अंगठ्याभोवती अंदाजानं फिरत राहिले,
आंधळ्यासारखे.

"जरा खाली," तो म्हणाला.
"अजून.
हं."