काना

मासळी बाजाराच्या मागे, जिथे बस वळते,
तिथे आमचं स्मारक आहे:
तीन नळांचा कूलर, वर पत्र्याची सावली,
आणि कमरेइतक्या उंचीवर स्टीलची पाटी.
गावाचं नाव सूर. निघताना घरी सांगितलं तेव्हा
आईला वाटलं, मी गाणं शिकायला चाललोय.

पाटीवर चौदा नावं.
पहिलं, मोठ्या अक्षरात, संस्थापक:
हसनमियाँ परकर.

हो, परकर.
काना राहिला.
चूक माझी. कागदाची घडी नेमकी त्यावरून गेली,
आणि चितगावच्या शमसुलने, ज्याला आपली लिपी म्हणजे
दोरीवर वाळत घातलेले कपडे,
जे दिसलं ते इमानाने कोरलं.
अक्षरामागे दीडशे बैसा.
न कोरलेल्या कान्याचे त्याने लावले नाहीत.

पडदा सरकला तेव्हा
नर्स तांडेलबाई आधी हसल्या, मग रडल्या, मग परत हसल्या.
रेमंड लोपीस म्हणाला, राहू दे रे,
हसनभाई असते तर नेसूनच आले असते.

समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात ते इलेक्ट्रिशियन.
कॅन्टीनच्या मागे, एका गुरुवारी रात्री,
दूध पावडरच्या डब्याला भोक पाडून त्यांनी क्लब काढला.
पहिल्या बैठकीला तिघं,
त्यातला एक चुकून आलेला.
तो पुढे सतरा वर्षं खजिनदार होता.
घटना वगैरे नव्हती. एवढंच ठरलं:
इथं कुणी गेलं, की ते आपलं.
मग तो जालन्याचा असो, तंजावरचा असो,
त्याचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात असो
आणि मालक सुट्टीवर.

एकेचाळीस पेट्या घरी पोचवल्या त्यांनी.
प्रत्येक पेटीआधी दोन फोन.
एक वकिलातीला, टेबल थोपटत.
दुसरा मयताच्या घरी;
त्याच्या आधी ते पाणी प्यायचे,
उभ्याने, अख्खा पेला,
आणि पेला उपडा ठेवून मगच नंबर फिरवायचे.

बेचाळिसावे ते स्वतः.
हर्णैला फोन मी केला. पाणी प्यायचं सुचलं नाही.
भाभी बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, मला सांगून ठेवलंय त्यांनी,
तिथंच माती द्या, पेटीचं भाडं वाचवा.
डब्यात भाडं होतं.
मी दोनदा मोजलं होतं.

पाटी बदलायचा ठराव तीन वेळा पास झाला.
दर वेळी पैसे दुसऱ्याच कुणाच्या तिकिटाला गेले.
म्हणून काना मी मार्करने काढतो.
जूनचं ऊन तो चार आठवड्यांत खातं,
मग हसनभाई पुन्हा परकर,
आणि मी पुन्हा शुक्रवारी सकाळी, टोपी घालून.

काल गेलो तर काना होता.
जाड, निळा, जरा तिरका,
वरच्या रेघेला न टेकलेला;
लिपी न येणाऱ्या कुणीतरी
नुसतं बघून बघून काढलेला.
शमसुलला विचारलं. तो म्हणाला, मी नाही.
बाटल्या भरणाऱ्या पोरांना विचारलं.
त्यांनी माझ्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं,
आणि बाटल्या भरत राहिली.

मला परभणीला फोन करायचा होता.
मार्कर खिशात ठेवला.
नळाखाली पेला धरला
आणि पूर्ण भरेपर्यंत थांबलो.